हळदीला मी धवळे म्हटले

पुतणीच्या हळदीला धवळे मीच म्हणणार, असं मी जाहीर केलं आणि घरात एकच गलका झाला.

कळंबच्या आसपास लग्नाच्या विधींची ही गाणी मी तरुणपणापासून म्हणत आले. पण चुलीच्या धुरानं छाती धरली, आणि अलीकडे मी मांडवात नुसती बसून असायचे. ओळ उचलली की मध्येच धाप लागायची.

"नको गाऊ गं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "मांडवात पडलीस म्हंजे?"

"पडले तर उचला तुमी!"

मला धीर होता, त्याला कारण होतं. दुखणं मुळापासून जाणार नाही, पण सांभाळलं तर चांगलं जगता येईल, असं कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चूल सोडली, श्वासाचा पंप न चुकता ओढू लागले. त्यांच्या दवाखान्यातलीच एक मुलगी श्वासाचे व्यायाम शिकवायची. "नाकानं घ्या मावशी, आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. गरम चहावर फुंकर घालता ना, तशी."

एका सकाळी परसात तसा श्वास सोडता सोडता मी सहज धवळ्याची ओळ गुणगुणले, तर ती शेवटापर्यंत गेली! मी एकटीच हसत सुटले. शेजारीण कुंपणावरून बघत राहिली.

हळदीच्या दिवशी आचाऱ्याच्या धुरापासून लांब खुर्ची मांडून घेतली. पुतणी पाटावर बसली, बायका भोवती जमल्या आणि मी सूर लावला. पहिलं कडवं खणखणीत गेलं. अंगावर काटा आला. दुसऱ्यात मात्र श्वास तुटला. गुडघ्यांवर हात टेकून, ओठ आवळून मी हळूहळू हवा सोडत होते, तेवढ्यात कुणीतरी तीच ओळ उचलली.

जाऊबाई! जन्मात कधी गायल्या नव्हत्या. सूर जरा घसरत होता, शब्द मात्र एकही चुकला नाही.

"तू दम घे गं," त्या कडव्याच्या शेवटी म्हणाल्या, "मी हाय ना."

पुढचं कडवं मी घेतलं, त्यापुढचं त्यांनी. हळद उतरेपर्यंत आम्ही थांबलो नाही. पुतणी रडत होती, हसत होती, आणि बायका टाळ्या पिटत होत्या.

दुसरा दिवस मी अंथरुणातच काढला, पण मन मांडवातच होतं. आता चौक गावच्या एका घरून आम्हा दोघींना बोलावणं आलंय. जाऊबाई सकाळपासून नवी गाणी विचारून माझा पिच्छा पुरवताहेत.