हाकेआधीची चौकट

आबांना अर्धांगाचा झटका आला त्यानंतर त्यांच्याकडे मोजके शब्द उरले. ‘हाय’ आणि ‘नाय’ पक्के, आणि अधूनमधून, बोलावलं नसताना उगवणारा एखादा तिसरा. वाचा परत यावी म्हणून शिकवायला येणाऱ्या बाई मुंबईच्या होत्या. आबा ‘हाय’ म्हणाले की त्यांना वाटायचं नमस्कार-चमत्कार चाललाय, आणि त्याही हात हलवून ‘हाय, काका’ म्हणायच्या. आमच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात हे मी त्यांना सांगेपर्यंत त्यांनी आबांच्या प्रगतीबद्दल बरंच चांगलं लिहून ठेवलं होतं.

तेव्हा आम्ही दोघंच कर्जतजवळ भिसेगावातल्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलेलं नाही, आणि त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही, तरी लोक लावतात म्हणून सांगून टाकते. आबा भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. मी खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या अलीकडे एका पॅकिंगच्या कारखान्यात संगणकाचं काम बघायचे. सकाळी एक मावशी यायच्या, आबांची आंघोळ, जेवण करून दुपारी जायच्या. त्यानंतर मी स्कूटरवरून घरी पोचेपर्यंत आबा एकटे असायचे.

हा एकटा वेळच दादाला खुपत होता. दादा पुण्याला असतो. खोपोलीजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था त्याने बघून ठेवली होती. मी नाही म्हटलं. आबांना विचारलं तर ते ‘नाय’ म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की दादाही गप्प झाला. पण तो गप्प बसणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, “ठीक आहे. एकटे असताना त्यांना काही झालं तर ते तुला बोलावू शकतात, एवढं दाखव. मग मी विषय काढणार नाही. नाही जमलं तर मात्र खोपोली.”

मी हो म्हणाले. मला वाटलं, हे तर माझंच काम.

मोबाईल आबांच्या हातात टिकत नव्हता. उजवा हात गेलेला, आणि डाव्या बोटाने काचेवर टेकवलं की भलतंच काहीतरी उघडायचं. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी संगणक वापरला होता, आणि माउस त्यांना डाव्या हातानेही जमत होता. माझा जुना लॅपटॉप त्यांच्या खुर्चीशेजारी असायचा, त्यावर ब्राउझर उघडून ते बातम्या बघत. तेव्हा जे करायचं ते ब्राउझरमध्येच करायचं असं मी ठरवलं.

कारखान्यात मी नुकतंच असंच एक काम केलं होतं. ब्राउझर तसा सोवळा असतो. वेबपानावरच्या लिंकने दुसरं वेबपान उघडतं, पण तुमच्या मशीनवरचा प्रोग्राम त्याला थेट चालवता येत नाही. त्याला एक वाट आहे. पत्त्याच्या सुरुवातीला जे असतं, एचटीटीपी वगैरे, त्याजागी स्वतःचा एक नवा शब्द ठरवायचा आणि मशीनला सांगून ठेवायचं की या शब्दाने सुरू होणारा पत्ता दिसला की अमुक प्रोग्राम चालव. कारखान्यात मी खोक्यांवरची लेबलं छापायला तसं केलं होतं. घरच्यासाठी शब्द ठरवला ‘हाक’. देवनागरी तिथे चालत नाही, म्हणून इंग्रजी बारीक अक्षरांत लिहावा लागला, त्याने मी जरा चिडले.

पान साधं केलं. पांढऱ्यावर एकच लाल मोठं बटण, त्यावर ‘हाक’. ते दाबलं की माझा छोटा प्रोग्राम चालू होणार, लॅपटॉपचा कॅमेरा सुरू करणार, माझ्या आणि समोरच्या चाचीच्या फोनवर घंटी वाजवणार. चाची म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली, तिच्या नवऱ्याचं बाजारात चपलांचं दुकान. ती म्हणाली, “एवडा खटाटोप कशाला गं? एक बेल लाव ना माज्या दारात.” मी तिला सांगितलं की बेल तुझ्या दारात वाजेल, माझ्या ऑफिसात नाही. ती म्हणाली, “तुज्या ऑफिसात वाजून काय करशील तू तितून?” मी तिला प्रोग्रामचं चिन्ह किती छान काढलंय ते दाखवलं.

मी दाबून बघितलं, चाचीने दाबून बघितलं, घंटी वाजली. आबांना समजावलं. ते ‘हाय’ म्हणाले.

मग दिवसामागून दिवस गेले आणि हाक काही आली नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं, म्हणजे त्यांना काही लागत नव्हतं. पण एकदा घरी आले तर पाण्याचा तांब्या खाली पडलेला, आबांचे ओठ कोरडे. “दाबलं का नाही?” मी विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा तर ते ओल्या कपड्यांत बसून होते, चेहरा भिंतीकडे. मी त्यांचे कपडे बदलले.

बटण दाबलं की पानाने त्याची नोंद ठेवावी अशी मी सोय केली. नोंदी बघितल्या तर आबा बटण दाबत होते. दुपारभर दाबत होते. पण माझा प्रोग्राम एकदाही चालू झालेला नव्हता. हाक आणि माझ्या फोनच्या मध्ये काहीतरी होतं, आणि ते काय असणार ते मला चांगलं माहीत होतं. लिंक दाबली की ब्राउझर लगेच प्रोग्राम चालवत नाही. एक चौकट दाखवतो, हा प्रोग्राम उघडायचा का म्हणून. खाली दोन बटणं, ओपन आणि कॅन्सल. ‘पुन्हा विचारू नको’ असं सांगायची जी खूण असते ती माझ्या पानाला येत नव्हती, कारण माझं पान लॅपटॉपमध्येच ठेवलेलं, वेबवर नव्हतं. मी आबांना ओपन दाखवलं होतं. ते कॅन्सल दाबत होते.

दादा फोनवर म्हणाला, “त्यांना कळत नाही गं. तू मान्य करत नाहीस, एवढंच.” डॉक्टरही म्हणाले होते की अशा झटक्यात समज किती उरली ते सांगता येत नाही. मला दोघांचाही राग आला. आणि थोडी भीती वाटली, की खरंच तसं असलं तर.

म्हणून एक दिवस रजा टाकून त्यांच्या शेजारी बसले. “आबा, मला हाक मारा,” म्हटलं. त्यांनी लाल बटण दाबलं. चौकट आली. त्यांनी माउसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. चौकट नीट वाचली, त्यांचे ओठ हलत होते. मग दाराकडे बघितलं, बराच वेळ. कुणी आलं नाही. त्यांनी हात परत माउसवर नेला आणि शांतपणे कॅन्सल दाबलं.

“अहो आबा, दुसरं. हे दाबायचं.”

“नाय.”

“का नाय?”

त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं, मग तेच बोट दाराबाहेर केलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, शब्द तोंडाशी येऊन मागे जात होता, मान ताठ झाली होती. “मा… माणूस?” ते म्हणाले. “माणूस?”

मला एकदम लख्ख कळलं. वीजघरात मशीनवर किंवा लायनीवर कुणी काम करत असलं की त्याच्या नावाचं परमिट निघायचं. ज्याने ते घेतलं त्याने काम संपवून ते परत दिल्याशिवाय स्विच टाकायचा नाही. साहेब ओरडला तरी नाही. आबांच्या अंगात ते इतकं भिनलेलं होतं की घरात गच्चीवरची मोटर लावायची तरी ते आधी वर जाऊन बघत. “लायनीवर माणूस हाय का?” हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य. आई वैतागायची. म्हणायची, पोळपाटावर लाटणं ठेवायलाही मला परमिट लागेल आता. आणि इथे मशीन त्यांना विचारत होतं, चालू करू का. पलीकडे कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं. होकार द्यायला दुसरा माणूस येत नव्हता. तेव्हा त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. टाकला नाही स्विच.

मला इतका आनंद झाला की मी त्यांचं डोकं कुरवाळलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. समज सगळी जागेवर होती. जरा जास्तच जागेवर होती.

मग मी ती चौकटच काढून टाकली. मोठ्या ऑफिसांतल्या मशीनवर लावतात अशी एक सेटिंग असते, ती लावली की ठरावीक शब्दाच्या लिंकला ब्राउझर विचारत बसत नाही. आता लाल बटण दाबलं की सरळ घंटी. आबांनी दाबलं, माझा फोन त्यांच्यासमोर वाजला, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा ते हसले. दादाला फोन लावून दाखवलं. तो म्हणाला, “चल, जिंकलीस.” त्याचाही आवाज हलका झाला होता.

त्यानंतर हाका येऊ लागल्या. पाणी. चष्मा पडला. दार वाऱ्याने आपटतंय. चाची जायची, बघायची, मला फोन करायची, “तुजा बाप बरा हाय, काम कर तू.” माझे साहेब माझ्या फोनकडे बघायला लागले होते, पण ते चालवून घेता येत होतं. मला ती घंटी आवडायची, हेही खरंच.

एके दुपारी हाक आली आणि कॅमेऱ्यात खुर्ची रिकामी होती. चाची नेमकी लेकीकडे पनवेलला गेलेली. मी स्कूटर काढली. चौकहून कर्जतकडे येताना एका वळणावर खडी पसरलेली होती, ती मला दिसली, पण उशिरा. पडले. हनुवटी फुटली, कोपर सोललं. एका टेंपोवाल्याने गाडी उभी करून दिली आणि म्हणाला, दवाखान्यात जा ताई. मी तशीच घरी आले. आबा पलंगावर बसले होते, खुर्चीतून कसेबसे सरकून तिथे गेलेले. त्यांनी वर बोट दाखवलं. पंखा जोरात चालू होता आणि त्यांना थंडी वाजत होती.

मी पंखा बंद केला आणि खाली बसून रडले. दुखत होतं, आणि घाबरलेही होते. आबा माझ्या हनुवटीकडे बघत होते. त्यांनी डाव्या हाताने पांघरुणाचं टोक माझ्याकडे ढकललं, रक्त पुसायला.

त्यानंतर हाक पुन्हा बंद झाली. मी सेटिंग तपासली, प्रोग्राम तपासला, स्वतः दाबून बघितलं. सगळं चालत होतं. आणि मग एक दिवस घरी आले तर ते खाली फरशीवर होते. पडताना माउसची तार हाताला अडकून माउसही खाली आलेला, त्यांच्या हाताशीच. लॅपटॉप वर तसाच उघडा, लाल बटण समोर. कपडे ओले, कपाळाला टेंगूळ. किती वेळ पडून होते कोण जाणे. चाची घरातच होती, तिला आवाजही आला नव्हता.

त्यांना पुसून, कपडे बदलून पलंगावर बसवलं आणि मग नोंदी बघितल्या. दिवसभरात एकही दाब नव्हता. “आबा, का नाही दाबलं?” मी विचारलं. त्यांनी हात उचलून माझ्या हनुवटीच्या पट्टीला लावला. मी म्हटलं, “ते बरं झालंय. ते काही नाहीये.” त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आला. टेंगूळ बघून म्हणाला, “मी म्हणत होतो, त्यांना कळत नाही.” मी त्याला सगळं सांगितलं, परमिट, पंखा, हनुवटी. आबांना किती कळतं हे त्याला पटवून द्यायची मला घाई झाली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे कळूनसवरून दाबत नाहीत. तुला त्रास होईल म्हणून. मग आता कुठलं बटण करशील?”

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

दादा पलंगाजवळ गेला, गुडघ्यावर बसला. तो वाईट माणूस नाही. आबांचा हात धरून हळू विचारलं, “आबा, खोपोलीला यायचं? तिथे चोवीस तास माणसं असतात. हिला धावावं लागणार नाही.”

मी दारात उभी होते. त्या पहिल्या वेळेसारखं जोरात ‘नाय’ येईल, दादा पुन्हा गप्प होईल, मग मी नोकरी बदलीन, घरून काम मागीन, काहीतरी करीन, असं सगळं मनात भराभर चाललं होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. “हाय,” ते म्हणाले. दादाला वाटलं नीट ऐकू आलं नाही, त्याने पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, आणि यावेळी मानही हलवली.

दादा रडायला लागला. मला रडू आलं नाही. मला आबांचा भयंकर राग आला होता. मी तिथे उभी होते, दोन पावलांवर, आणि मला त्यांनी विचारलंच नाही.