बागाईतदारांची खरड छाटणी

बागाईतदार वाइनला हात लावत नसत. तरी जर्मनीत, कार्ल्सरूहेत नवा मराठी विद्यार्थी आला, की त्याचं आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होवो न होवो, ते त्याला टुर्मबर्गच्या उतारावरची द्राक्षबाग दाखवायला नेत. ट्रॅममधून उतरून दगडी पायऱ्या चढायच्या. खाली सगळं शहर पसरलेलं आणि आपण शेकडो वर्षं जुन्या बागेत उभे. बाकावर बसून ते थर्मासमधला चहा ओतत, घरून काकूंनी दिलेली थालिपीठं वाटत आणि म्हणत, "आल्झो, तर काय, बाग चांगली आहे. पण छाटणी चुकीची आहे."

त्यांचा जन्म गिअरबॉक्स तपासण्यात गेला होता. 'बागाईतदार' हे नाव आम्हा विद्यार्थ्यांचं. त्यांचं दर दुसरं वाक्य "आमच्या तासगावच्या बागेत" असं सुरू होई. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि ते त्यांना आवडलं असावं.

मीही त्याच भागातला, हे कळल्यावर त्यांनी थालिपीठ हातात तसंच धरून विचारलं, "अरे वा! तुमची किती एकर?"

इथे मी चुकलो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. भोवती सगळे इंजिनिअर-डॉक्टरांची मुलं. मी म्हणालो, "पाच."

"छाटणी येते?"

"नाही काका. माणसं असतात."

ती माणसं म्हणजे माझे आई-बाबा. छाटणीच्या टोळीबरोबर ते गावोगाव जातात. दर सुट्टीत मीही जायचो. त्या दिवशी चहा गोड होता की नव्हता, मला आठवत नाही.

फेब्रुवारीत, बागेची निगा राखणाऱ्या जर्मन आजोबांनी हौशी लोकांना छाटणीला बोलावलं. "पंधरा वर्षं या संधीची वाट बघतोय," असं बागाईतदार म्हणाले. "पंधरा वर्षं टाळतायत," असं काकू म्हणाल्या. या वर्षी मात्र आम्हा पोरांनी त्यांचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

ते नवीकोरी कात्री घेऊन आले. वेलीपुढे उभे राहून त्यांनी आम्हाला सांगितलं, "बघा, खरड छाटणी." आणि सगळ्या काड्या एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, ठेवून उडवल्या. तासगावात एप्रिलमध्ये असंच करतात, कारण पुढे ऑक्टोबरला दुसरी छाटणी होते. इथे छाटणी वर्षातून एकदाच. जी लांब काडी राखायची, तिलाच घड लागायचे. बागाईतदारांनी ती आधी कापली.

तिसऱ्या वेलीपाशी आजोबा "नाइन! नाइन!" करत धावत आले. बागाईतदार त्यांना जर्मनमध्ये तासगाव समजावू लागले. आजोबांचा चेहरा लाल झाला होता. काड्या बघितल्या की मला कळत होतं कुठली ठेवायची. पण कात्री उचलली, तर माझे पाच एकर गेलेच. मग काकांनी चौथ्या वेलीची काडी धरली. कात्री पुन्हा त्याच लांब काडीवर आली. मी म्हणालो, "काका, द्या इकडे."

आजोबांनी एकदा दाखवलं, आणि मी ती ओळ संपवली. पुढचीही. आजोबांनी माझी पाठ थोपटली तेव्हा बागाईतदार चटकन म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! माझ्याच हाताखाली तयार झालाय."

परतताना ट्रॅममध्ये मात्र ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "मालकाचा मुलगा इतक्या भराभर छाटत नाही रे. तो टोळीचा हात आहे." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. मला मात्र त्यांच्याकडे जायची लाज वाटू लागली. काकूंनी दोनदा जेवायला बोलावलं. मी दोन्हीदा परीक्षा सांगितली.

निवृत्तीनंतर पुण्याला परत जायच्या आधी त्यांनी शेवटची फेरी काढली. त्या वर्षीची सहा नवी मुलं होती. काकू होत्या, आणि बागाईतदारांनी मुद्दाम निरोप धाडल्यामुळे मीही होतो. बाकावर बसून चहा ओतला गेला. आम्ही "आमच्या तासगावच्या" ची वाट बघत होतो.

"माझे वडील पोस्टात होते," बागाईतदार म्हणाले. "सदाशिव पेठ. अंगणात तुळस तेवढी होती. बाग हिच्या माहेरची. मी जावई, बांधावर खुर्ची टाकून बघायचो."

"आणि खुर्चीसुद्धा दुसरं कुणीतरी आणून द्यायचं," काकू म्हणाल्या.

सगळे हसले. बागाईतदार हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, नुसते थांबल्यासारखे. मग मी म्हणालो, "माझे आई-बाबा छाटणीच्या टोळीत आहेत. मीही होतो. आमची बाग नाही."

एका मुलीने आपलं थालिपीठ अर्धं करून मला दिलं, कारण माझं तसंच राहून गार झालं होतं.

बागाईतदार उठले. त्यांनी पिशवीतून ती कात्री काढून माझ्या हातात ठेवली. त्यांच्या हातून तीन वेली, माझ्या हातून दोन ओळी, एवढीच चाललेली. धार अजून नवी होती. मग ते नव्या मुलांकडे वळले.

"आल्झो," ते म्हणाले, "आता छाटणीचं याला विचारा. तरी माझ्या मते ती चुकीचीच आहे."