मधल्या फणाची पाचर

चांगल्या कामाचं चीज होतं, असं मला तरी कोणी सांगू नये. मी वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या घरात जन्मलो. असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या गावाहून कापसाच्या गाड्या अकोटच्या जिनात जात, त्यांची चाकं माझ्या बाच्या हातची. वखर, पेरणीच्या तिफणी त्याच्याच. बाभूळ दोन पावसाळे मुरल्याशिवाय तो तिला तासायला वाकस लावत नसे. त्याची तिफण एकदा शेतात गेली की दुरुस्तीला म्हणून परत येत नसे. आणि तिथंच त्याचं नशीब फुटलं.

गावाची रीत अशी, की वाढयानं वर्षभर अवजारं धड ठेवायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याची जवारी आणायची. निम्मं गाव बाच्या वाट्याला, निम्मं माझ्या चुलत्याच्या. चुलत्याचं काम थातूरमातूर. लाकूड ओलं, आज ठोकलं की परवा खिळखिळं. त्यामुळे तो सदा कोणाच्या तरी बांधावर ठाकठूक करताना दिसे. लोक हळहळत, "लय राबते बिचारा!"

एका सुगीत बा पाटलाच्या खळ्यावर पोतं घेऊन उभा राहिला. मी सोबत होतो. दोन लेकरांचा बाप होतो तेव्हा मी. पाटील म्हणाला, "वर्षभर तुयं तोंड नाही दिसलं आमाले. कायची जवारी मांगून राहिला?"

"मोडलं असतं तं आलो असतो, पाटील."

खळ्यावरचे सगळे हसले. अरे, हसण्यासारखं काय होतं त्यात? पाटलानं निम्मंच दिलं. पाटलाचं पाहून बाकीच्यांनीही हात आखडला.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भाकरी अर्धी आणि अंबाडीची भाजी जास्त. माय एकदा चिडून बोलली, "एखांदी पाचर ढिली ठेवली तं हात झडतीन का तुमचे?" बानं तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

मी मात्र ते मनात धरलं. पेरणीच्या तोंडावर पाटलाची नवी तिफण तयार झाली. तिचे तिन्ही फण, म्हणजे दात, बसवून, हलवून पाहून बा जेवायला उठला. तेवढ्यात मी मधल्या फणाची पाचर काढली, बोटभर आखूड तासली आणि परत ठोकली. वरून काही कळत नव्हतं. माझी लेकरं उपाशी होती, हे मी आजही सांगतो. पण ठोकताना दाराकडे पाहत होतो, तेही खरं.

पेरणीच्या तिसऱ्या दिवशी पाटलाचा गडी धावत आला. फण निखळला होता. आम्ही दोघं गेलो. बानं पाचर बोटानं उपसली, तळहातावर उलटीपालटी केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथंच बांधावर बसून नवी तासली, ठोकली. पाटलानं त्याला पहिल्यांदाच चहा पाजला. म्हणाला, "हां, आता कसा कामाचा माणूस दिसून राहिला!"

बा तो चहा प्यायला. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या सुगीत पाटलानं पुरती जवारी घातली, वर स्वतःच्या हातानं एक सूप जास्त ओतलं. घरी येऊन मी पोतं उतरवलं. माय हरखून गेली होती. बानं कोनाड्यातून ती आखूड पाचर काढली. इतके महिने जपून ठेवली होती त्यानं! ती आणि आपला वाकस त्यानं माझ्यापुढे ठेवला.

"घे. या गावाले तुयासारखाच वाढई पायजे."

त्यानंतर बानं गावाच्या कामाला हात लावला नाही. मी तीस वर्षं लावला. माझ्या वाट्याची जवारी कोणी कधीच कापली नाही.