बोडी अर्धी मागितली तेव्हा

शेताच्या वरच्या अंगाला बांध घालून अडवलेलं पावसाचं पाणी म्हणजे बोडी. आमची लहान आहे. बाप गेल्यावरही दोन दिवस पाणी माझ्या धानाला, दोन दिवस मोठ्या भावाच्या, अशी पाळी चालू होती. मग एक दिवस भाऊ चार माणसांसमोर म्हणाला, "हा ढोरं विकणारा. याले धानातलं काय समजते?" आणि माझी पाळी बंद केली.

मी बैलबाजारात स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस. साकोलीच्या कोर्टात दावा टाकला. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं.

माझी वकील वयाने माझ्या मुलीएवढी. मध्यस्थीआधी तिने मला तीनदा बोलावलं.

"काका, तुमाले नेमकं काय पाहिजे?"

"बोडीच्या मधातून बांध. अर्धी माही, अर्धी त्याची."

"अर्ध्या बोडीत पाणी टिकते का?"

"नाही टिकत. पण मांगताना जास्तच मांगा लागते. तो नाही म्हणन, मी खाली येईन, मंग पाळीवर सौदा पटन."

"आपण बैल विकाले नाही चाललो, काका." मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलेल, त्याला एकट्यात खरं सांगा, तुमच्या परवानगीशिवाय ते पलीकडे जात नाही, असं तिने दोनदा समजावलं. कागदावर माझ्याच हाताने लिहून घेतलं: पाळी पुन्हा सुरू व्हावी.

मग तालमीसाठी ती माझा भाऊ झाली. "जाय, ढोरं विक," म्हणाली. मी टेबलावर हात आपटला. तिचा चहा फायलीवर सांडला.

"असे भडकले तर गेलं काम. राग आला का पाणी प्या."

तिसऱ्या खेपेला मी सगळं ऐकून गप्प बसलो. तालमीत ती माझ्या प्रत्येक मागणीला नाही म्हणायची. भाऊ हो म्हणेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मध्यस्थ म्हणजे एक वयस्कर वकील, शांत माणूस. भावाला बाहेर बसवून त्याने मला विचारलं, "तुमचं शेवटचं काय?" बाजारात दलाल असंच विचारतो आणि शेवटचं कोणी सांगत नाही. मी म्हणालो, अर्धी बोडी. वकीलबाईने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मध्यस्थ बाहेर गेला आणि लगेच परत आला. "मोठे भाऊ तयार आहेत."

मी पुढचं काही ऐकायची वाट पाहिली. पुढे काही नव्हतं.

"अजून सही नाही झाली," वकील हळूच म्हणाली. "आता तरी सांगा, पाळी पाहिजे म्हणून."

बाजारात आपण मागितलेला भाव समोरच्याने कबूल केला की तो फिरवत नाहीत. फिरवणाऱ्याशी दुसऱ्यांदा कोणी व्यवहार करत नाही. भाऊ आत आला, चष्मा लावून कागद वाचला, सही केली. मग मी केली. राग आला नाही. पाणीही प्यायलो नाही.

उन्हाळ्यात जेसीबीने बोडीच्या मधातून बांध घातला. यंदा पाऊस लवकर गेला. माझ्या बाजूला आधी चिखल झाला, मग त्याच्या. दोघांचाही धान निम्मा पोचट निघाला.

वकील साकोलीत भेटली की विचारते, "काका, पुन्हा मध्यस्थीला बसाचं का?"

भावाने एकदाही घासाघीस केली नाही. मी आपण होऊन काहून बसू?