नऊ घरांच्या चादरी

जहाजावर त्याला ‘कडक’ म्हणतात. ते स्वभावावरून नाही. स्वभाव इतका मऊ, की कोणी पाळी बदलून मागितली तर त्याच्या तोंडून नकार निघत नाही. नाव पडलं इस्त्रीवरून. त्याच्या हातून गेलेली कॉलर दिवसभर मान टाकत नाही, असं खुद्द कप्तान म्हणाल्याचं सांगतात. कप्तान त्याच्याशी कधी बोललेला नाही. ही तारीफ तीन साहेबांच्या तोंडून खाली उतरत लाँड्रीपर्यंत आली.

लाँड्री जहाजाच्या पोटात आहे, पाण्याच्या पातळीखाली. वर पर्यटक उन्हात लोळत असतात आणि त्यांचे टॉवेल, चादरी, अभ्रे ढिगाने खाली येत राहतात. कडक आधी ते निवडतो. चादरीत चादरी, टॉवेलात टॉवेल, शर्टात शर्ट. मग धुलाई, मग वाफेचे रोलर, मग घड्या. कोणती चादर कोणत्या खोलीतली हे विचारायचं कारणच नसतं. सगळ्या सारख्या आणि सगळ्या जहाजाच्या. गणवेशांवर तेवढे आकडे शिवलेले असतात.

त्याची कामाबद्दल तक्रार नव्हती. बायकोची होती. करार संपला की तो घरी येतो, पाहुण्यासारखा राहतो, दोघी मुलींच्या अभ्यासात नाक खुपसतो आणि घरात जरा रुळतोय तोवर पुन्हा बॅग भरतो. गेल्या खेपेला तिने निक्षून सांगितलं होतं, की आता उतरायचं तर उतरा, नाहीतर मुलींची लग्नं ठरली की पत्रिका पाठवते.

उतरून करायचं काय, याचं उत्तर त्याच्या ताईने शोधलं. ती एका बंदराच्या शहरात राहते. तिच्या गल्लीत एक छोटी लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. मावशीचे गुडघे आता साथ देत नव्हते आणि तिला दुकान कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, शब्द टाकून ठेवला. मावशीने दोन गोष्टी सांगितल्या. माणूस बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. आणि मोबाइलचं दुकान काढू पाहणारे एक गृहस्थही मागे लागले आहेत. कडकचं जहाज लागेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पक्कं करायला येतील.

जहाज त्या बंदरात सकाळी लागून संध्याकाळी सुटणार होतं. पुढच्या करारावर सही करणार की नाही, हेही त्याच संध्याकाळपर्यंत लाँड्रीच्या साहेबांना सांगायचं होतं. म्हणजे पुढचं आयुष्य जमिनीवर काढायचं की पाण्याखाली, ते त्या एका दिवसात ठरणार होतं.

तो दिवस मिळवणं सोपं नव्हतं. जहाज बंदरात उभं असलं तरी काही कर्मचाऱ्यांना वरच थांबावं लागतं. आग लागली, काही घडलं, तर हात हवेत. ही पाळी आपसांत बदलता येते. कडकने आधीच्या चार बंदरांत दुसऱ्यांच्या पाळ्या केल्या आणि बदल्यात हे एक बंदर मागून घेतलं. पण पाळ्यांबरोबर आणखी एक रिवाज चालत आलेला आहे. उतरणाऱ्याने थांबणाऱ्यांची कामं करून यायची. कुणाला शाम्पू, कुणाला पायाच्या भेगांचं मलम, कुणाला बायकोसाठी अमुकच रंगाची पर्स. नाही म्हणायची सोय नसते, आणि कडकच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता.

त्याच्या वरच्या फळीवर झोपणाऱ्या खोलीसोबत्याला ‘नकाशा’ म्हणतात. तो जगातल्या कितीतरी बंदरांत उतरला आहे, आणि प्रत्येक ठिकाणची त्याला दोनच स्थळं माहीत आहेत : फुकट वायफायची आणि स्वस्त शाम्पूची. त्याने दिवसाचा आराखडा करून दिला. आधी धक्क्याजवळची खरेदी, मग बहीण, मग वेळ उरला तर दुकान. ताईने फोनवर तो धुडकावला. तिचं म्हणणं, आधी घरी येऊन जेवायचं, बाकीचं जग पळून जात नाही. भाऊजींचं तिसरंच. मावशी दुपारी आडवी होते, तेव्हा आधी दुकान. कडकने तिघांनाही बरं म्हटलं. शेवटी ठरलं ते भाऊजींसारखं, कारण स्कूटर त्यांची होती.

बंदराच्या फाटकाबाहेर ते हेल्मेट घेऊन उभेच होते. वाटेत त्यांनी मेहुण्याला शिकवून ठेवलं, की तू बोलू नकोस, मी बोलतो, तू फक्त मान हलव.

दुकान म्हणजे रस्त्याला उघडणारी एक खोली. पुढे फळी टाकलेला गल्ला, मधे इस्त्रीचं टेबल, मागे दोन मशीन आणि गच्चीवर जाणारा जिना. एका भिंतीला लांबच लांब लाकडी मांडणी आणि तिच्यावर धुतलेल्या, इस्त्री झालेल्या कपड्यांचे ढीग. मावशीने कडकला एक शर्ट दिला. त्याने इस्त्री केली. तिने कॉलर बोटांनी दाबून बघितली आणि भाऊजींना म्हणाली, चला, वरच्या घरमालकाच्या कानावर घालून येऊ. कडकला बसायला सांगून दोघं जिना चढून गेली. घरमालक बोलका होता. चहाही आला असावा.

कडक स्टुलावर बसला. त्याला नुसतं बसता येत नाही. समोरच्या मांडणीवर एकेका ढिगात शर्ट, अभ्रा, टॉवेल, लहान मुलाचा फ्रॉक आणि चादर, सगळं एकावर एक ठेवलेलं. जहाजावर असा ढीग दिसला तर त्याचा अर्थ एकच असतो : कोणीतरी कामचुकारपणा केला आहे. थकलेल्या बाईला आता हेही जमत नाही, असं त्याला वाटलं. तो उठला आणि कामाला लागला. चादरीत चादरी, टॉवेलात टॉवेल, शर्टात शर्ट. कडा एका रेषेत. मावशी खाली आली तेव्हा तो शेवटचे अभ्रे थापटत होता.

“हे कोणी केलं?” तिने विचारलं.

“मी,” कडक म्हणाला. आवाजात थोडा अभिमानच होता.

मावशी मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

“इथं नऊ घरं होती,” ती म्हणाली. “तुम्ही सगळ्यांचा एकच संसार करून ठेवलात.”

चिठ्ठी, खूण, आकडा असलं काही तिच्याकडे नव्हतंच. कोपऱ्यातला ढीग मास्तरांचा, त्याच्याशेजारचा नर्सबाईंचा, खांबाजवळचा खानावळीचा. जागा हीच ओळख. भाऊजींना आधी हसू फुटलं, मग परिस्थिती लक्षात येऊन त्यांनी सारवासारव सुरू केली, की हाताला सवय असते हो, त्यावरून माणूस किती कामसू आहे ते बघा. मावशीने त्यांना घरी पाठवून दिलं. कडकला म्हणाली, संध्याकाळी गिऱ्हाइकं येतील, त्याआधी घरं परत लावून द्या.

जेवण राहिलं. ताई डबा घेऊन तणतणत आली. एकच भाऊ दिला देवाने आणि तोही वर्षातून एकदा दुसऱ्यांच्या चड्ड्या निवडायला येतो, असं तिने मावशीदेखत सुनावलं. मग पदर खोचून तीही मदतीला बसली.

शर्ट सोपे गेले. मावशी एकेक हातात घेई आणि सांगे. हा मास्तरांचा, खिशाला खडू लागलेला असतो. हा रिक्षावाल्याचा, पाठ विरलेली. फ्रॉक दोन घरचे होते आणि मुली वेगळ्या अंगाच्या होत्या. टॉवेलांवर दोनदा वाद झाला. गाडी अडली ती चादरींवर. पांढऱ्या, बिनकाठाच्या, सहा. तीन घरांच्या. मावशीने त्या उलगडल्या, उजेडात धरल्या, पुन्हा ठेवल्या. तिला ओळखता येईना. इतकी वर्षं तिने चादरी ओळखल्याच नव्हत्या, जागा ओळखल्या होत्या. हे तिच्याही त्याच वेळी ध्यानात आलं आणि ती खुर्चीवर बसली.

कडकने चादरींच्या कडांची शिवण बघितली. दोन चादरींची दुमड रुंद होती. खानावळीच्या असणार, ठोक विकत घेतलेल्या. दोन घरीच शिवलेल्या होत्या, धागा मधेच बदललेला. त्या नर्सबाईंच्या, मावशीला आठवलं, त्यांच्याकडे शिवणाचं मशीन आहे. राहिलेल्या दोन आपोआप मास्तरांच्या झाल्या. हिशेब जुळला.

मास्तरांची बायको सर्वांत आधी आली. मावशी खुर्चीवरून हलली नाही. तिने कडकला हनुवटीने खूण केली, की द्या तुम्हीच. आजवर कडकने कपड्याच्या मालकाच्या हातात कपडा दिलेला नव्हता. त्याने गठ्ठा पुढे केला. बाईंनी तो फळीवरच उघडला, चादरीची कड नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, ही आमची नाही, आमच्या चादरीला कोपऱ्यात शाईचा डाग आहे, यांच्या हातून पडलेला, जातच नाही.

शाईचा डाग घरी शिवलेल्या चादरीवर निघाला. म्हणजे मशीन मास्तरांकडेही होतं, किंवा शेजारून शिवून आणलं होतं. कडक म्हणाला, चुकलो, ढीग मी हलवले होते. बाई म्हणाल्या, नवीन दिसता, होतं असं. दुसरी चादर तपासली, घेतली आणि भाजी आणायला निघून गेल्या.

कडक गल्ल्यापाशी तसाच उभा राहिला. जहाजावर एखाद्या शर्टावर चट्टा पडला तर तक्रार वर जाते, तिथून आणखी वर जाते आणि आठवड्याने ताकीद होऊन खाली येते, तोवर तो शर्ट कुठला हेही आठवत नाही. इथं तक्रार आली आणि भाजीच्या पिशवीबरोबर निघूनही गेली.

“पुन्हा असं कराल?” मावशीने विचारलं.

“करेन बहुतेक. हात आपोआप जातो,” तो म्हणाला. “म्हणून प्रत्येक घराला एका रंगाचा धागा टाचतो. आतल्या बाजूने, कुणाला दिसायचा नाही.”

मावशीला ते आवडलं नाही. माणसांना रंग द्यायला हे काय जहाज आहे का, असं म्हणाली. मग तिची नजर उरलेल्या चादरींकडे गेली. त्या नर्सबाईंच्या की आणखी कुणाच्या, हे आता दोघांनाही सांगता येत नव्हतं.

“चादरींना टाचा,” ती म्हणाली. “शर्ट मी सांगेन. वर्षभर मी इथंच बसणार आहे, ते कबूल असेल तर मोबाइलवाल्याला उद्या येऊ नका म्हणून कळवते.”

कडकने मान हलवली. मग भाऊजी जवळपास नाहीत हे आठवून तोंडानेही हो म्हणाला.

जहाजावर तो रिकाम्या हाताने चढला. शाम्पूवाले आणि पर्सवाले जे बोलायचं ते बोलले; नकाशाने तर फळीवरून तोंडच फिरवलं. लाँड्रीच्या साहेबांनी कराराचा कागद पुढे केला तेव्हा कडकने तो सही न करता परत दिला आणि या फेरीनंतर उतरतो म्हणाला. साहेबांनी कारण विचारलं नाही. टॉवेल येऊन पडलेत, एवढं सांगितलं.

दोर सुटायला अवकाश होता, फोन लागत होता. त्याने बायकोला कळवलं. तिने आधी खात्री केली, की मावशीने शब्द दिला की यांनीच एकट्यांनी ठरवलं. दोघांनीही, असं कळल्यावर ती लगेच कामाचं बोलू लागली. मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले काढावे लागतील, घराचं भाडं कधीपर्यंतचं दिलंय ते बघावं लागेल. थोरलीला शहर बदलायचं म्हटलं तर आनंदच होईल. धाकटीचं काही सांगता येत नाही. तिच्या मैत्रिणी आहेत, ती आदळआपट करणार.

“ते मी नाही सांगणार,” बायको म्हणाली. “इतकी वर्षं सगळं मीच सांगत आले. घ्या, देते तिला फोन.”

पलीकडे धाकटीचा आवाज आला. “काय, बाबा?”

कडक म्हणाला, “ऐक. आधी पूर्ण ऐकून घे, मग भांड.”