मांजराचा कान आणि मिरचीचे मोजे

आमचं मांजर म्हातारपणी दुप्पट खायला लागलं आणि निम्मं उरलं. डॉक्टरांनी थायरॉईड सांगितला. गोळी भरवायला गेले की ते माझ्या बोटांचं भरीत करायचं, म्हणून मग लावायचं औषध आलं. सकाळ-संध्याकाळ, एकदा या कानाच्या आतल्या कातडीवर, एकदा त्या. "हातमोजे घालूनच लावा, नाहीतर औषध तुमच्याच अंगात जाईल. वापरला की फेका. आणि खाडा नको, त्याचं हृदय आधीच दमलंय," असं बजावून त्यांनी पातळ हातमोज्यांचं पाकीट दिलं.

फेकणं आईला जमत नाही. मांजर तर तिला मुळातच आवडत नाही.

पाचव्या सकाळी मी मोजा चढवला आणि औषध कानाला लावलं. मांजराने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या गावाला, धानोऱ्यापर्यंत ऐकू गेली असेल. उडालं ते थेट कपाटावर. मी मोज्याचा वास घेतला आणि मला सात शिंका आल्या.

"मोजे कुणी घेतले होते?"

"मीच," आई शांतपणे म्हणाली. "मिरच्यास्ना देठ काढाले. धुईसन, सुकाडीसन पाकीटमा ठेवी दिनात. इतला चांगला मोजा फेकाना का?"

डॉक्टरांनी फोनवर ओल्या कापसाने कान पुसायला आणि संध्याकाळी दुसऱ्या कानाला औषध लावायला सांगितलं. टॉवेलात गुंडाळून कसाबसा कान पुसला. मी मेडिकलमधून नवे मोजे आणले. पण संध्याकाळी मी दिसले की मांजर पुन्हा कपाटावर. मासळी दाखवली, दूध दाखवलं, व्यर्थ. वर बसून ते धापा टाकत होतं. मला रडूच आलं. हे मरेल, तेही माझ्या भीतीने, असं वाटलं.

तेव्हा आई उठली. तिने नवा मोजा घातला, बोट स्वतःच्या ओठाला लावून तपासलं, त्यावर औषध घेतलं आणि खाली मांडी घालून बसली.

"ये व माय. मन्ही चूक व्हयनी. आते नही झोंबाव."

आमच्या घरात आईने आजवर कुणाचीही माफी मागितलेली नव्हती. मांजरालाही बहुधा धक्का बसला. ते उतरलं, तिच्या मांडीत शिरलं आणि निमूटपणे औषध लावून घेतलं.

दारात बाबा चहाचा कप घेऊन उभे होते. चाळीस वर्षांचा संसार त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"मांजरले म्हनस," ते म्हणाले, "माले कधी म्हनशी?"

आईने मोजा काढला नाही.

"तुम्ही पहिले कान पुढे करा."