अर्धा लिटर पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती तेव्हा घरातच होती, तिने अर्धं डोळ्यांनी पाहिलं, पण उरलेलं अर्धं तिला माहीत नाही. आणि तेच वाईट आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मुलुंडला माझं कांद्या-बटाट्याचं दुकान आहे. वडील गिरणीतून घरी बसले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. फुटपाथवर गोणपाट अंथरून सुरुवात केली, गाळा केला, घर केलं. कुणाचा एक पैसा घेतला नाही. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा मार्केटात नाही, आणि माझा आवाज चढला की समोरचा दोन पावलं मागे जातो. याचा मला अभिमान होता. आजही थोडा आहे — खोटं कशाला बोलू?

माझ्या दुकानात वजनांचे दोन संच होते. खरा गल्ल्याखाली, तपासणीला कुणी आलं तर. दुसरा काट्यावर. लोखंडी वजनाच्या पोटात खालून शिसं भरलेलं असतं आणि त्यावर सरकारी शिक्का असतो. काट्यावरच्या वजनांतलं थोडं शिसं मी कोरून काढलं होतं आणि भोकात काळं मेण भरलं होतं. का? वाशीच्या घाऊक बाजारातून येणारी गोण मला कधी भरलेली मिळाली? पन्नास किलो म्हणून आणायची आणि सत्तेचाळीस निघायची. मला काटा मारतात, मी मारतो. असं मी स्वतःला सांगायचो. पण हे सांगायला मी बसलेलो नाही. ग्राहकांचं पाप वेगळं.

माझी मुलगी श्रेया. तेव्हा सातवीत. तिच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला प्रयोग दिला होता — घरातल्या वस्तूंचा तराजू करा, विकत काही आणायचं नाही. या बाई माझ्याच गिऱ्हाईक. दर रविवारी पिशवी घेऊन यायच्या आणि काट्याकडे बघत म्हणायच्या, "भाऊ, काटा जरा थांबू दे ना." दहा माणसांसमोर. माझ्या डोक्यात तिडीक जायची. बाईंनी हा प्रयोग मला पकडायलाच लावलाय, असं मी मनात घेतलं ते पुढे दोन-तीन वर्षं धरून बसलो. चाळीस पोरांना दिलेला प्रयोग — माझ्यासाठी?

श्रेया दुकानात आली. "बाबा, अर्ध्या किलोचं वजन दे ना, एका दुपारपुरतं." मी एका गिऱ्हाइकाशी लसणाच्या भावावरून भांडत होतो. हाताला लागलं ते वजन दिलं. काट्यावरचं. इतक्या वर्षांत माझ्या हाताने अशी चूक केली नव्हती.

दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी आलो. खिडकीच्या ग्रिलला माझ्या लग्नातल्या कोटाचा लाकडी हँगर टांगला होता. दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या. एका पिशवीत शाळेतल्या मोजपात्राने मोजून आणलेलं अर्धा लिटर पाणी, बाटलीत. दुसरीत माझं वजन — आणि सोबत तसलीच एक रिकामी बाटली. ही कशाला म्हणून विचारलं. "अरे, बाटलीचं पण वजन असतं ना. मग दोन्हीकडे नको?" मी वर्षानुवर्षं तागडी धरली, पण मला हे सुचलं नसतं.

पाण्याची बाजू खाली गेली होती.

"पाणी अर्धा किलोच असतं, बाई म्हणाल्या. मग माझ्यात काय लोचा आहे?" असं म्हणत तिने पिशव्यांची अदलाबदल केली. हँगर वाकडा असेल तर आता उलटं व्हायला हवं, म्हणाली. उलटं झालं नाही. पाणीच खाली. बारा वर्षांच्या पोरीने पाच मिनिटांत हँगर निर्दोष ठरवला. उरलं काय? वजन. पण त्याच्यावर तिचा संशयच नव्हता. ते बाबाचं होतं.

मला सांगता आलं असतं, "थांब, दुसरं आणतो." तेवढंच. खरं वजन दुकानात पडलेलं होतं. मी काय म्हणालो? "हँगर वाकडाच आहे तुझा." ती म्हणाली, पण बाबा, मी आत्ता — आणि माझा आवाज चढला. "शिक्का आहे त्या वजनावर. सरकारपेक्षा शहाणी झालीस?" ती शिक्का बघायला वजन उलटं करायला गेली. मी ते हिसकावून घेतलं.

बायको पोळ्या लाटायची थांबली. "अहो, बघू दे की तिला." मी तिच्या परातीतला कणकेचा गोळा तोडला, वजन परत टांगलं आणि त्या बाजूच्या दांडीवर कणीक दाबत गेलो — हँगर सरळ होईपर्यंत. "हा बघ, झाला बरोबर." वजन खिशात घातलं आणि गेलो. इथपर्यंत बायकोला ठाऊक आहे. दारातून बाहेर पडताना मी ऐकलं, श्रेया हळूच तिला म्हणत होती, "पण आता रिकामा असताना तिरका दिसतोय गं."

चार दिवसांनी शाळेत प्रदर्शन होतं. मी एकटाच गेलो. जावंच लागलं, नाही गेलो तर बाई काय समजतील? त्यांनी श्रेयाच्या तराजूला शाळेचं अर्ध्या किलोचं वजन लावलं, समोर पाणी. वजनाची बाजू धाडकन खाली. बाईंनी वाळून कडक झालेल्या कणकेवर बोट ठेवलं. "हा गोळा कुणी लावला?"

श्रेयाने माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला आई-बाप उभे होते, त्यांतले निम्मे माझे गिऱ्हाईक.

मी हसलो. हो, हसलो. म्हणालो, "धांदरट आहे हो बाई. घाईघाईत चिकटवला असेल."

आणि माझी पोरगी म्हणाली, "हो बाई. मीच लावला."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझं नाव घेईल. मी दोन्हीची तयारी करून हसलो होतो. तिने माझं खोटं उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि चेहऱ्यावर रेघ हलली नाही. तिला काय काय कळलं होतं? वजनाचं कळलं होतं? मी विचारलं नाही. परतताना रिक्षात ती हँगर मांडीवर धरून बसली होती आणि नखाने कणीक खरवडत होती. मी बाहेर बघत होतो.

ती वजनं मी नंतर भंगारात दिली. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, खरा. त्याने काय होतं?

यंदा तिची दहावी झाली. विज्ञानात चांगले गुण. अकरावीचा फॉर्म भरताना तिने कॉमर्स घेतलं. आई म्हणाली, सायन्स का नाही गं? ती म्हणाली, "प्रयोग माझ्या हातून नीट होत नाहीत. सातवीतच कळलं." रागाने नाही. मनापासून खरं मानून.

म्हणजे तिला वजनाचं कळलंच नव्हतं. इतकी वर्षं ती चूक स्वतःची समजून राहिली होती. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. बायको समोर होती, श्रेया समोर होती.

तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. पालकाची सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही केली.